पुस्तकावर मुद्रितशोधकाचेही नाव छापावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुस्तकाचा एखादा फर्मा (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा संच) उलटा बांधला गेला किंवा मधली सोळा पाने कोरीच निघाली, तर बहुतेक विक्रेते ती प्रत बदलून देतात. त्याच पुस्तकात पानोपानी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, एखादा परिच्छेद दोनदा छापला गेला असेल किंवा पात्राचे नाव चौथ्या प्रकरणात बदलले असेल, तर वाचकाने कोणाकडे जावे याचे उत्तर मात्र कोणापाशीच नाही. पैसे दोन्ही प्रतींसाठी सारखेच मोजलेले असतात.

मी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर काम करतो. परत आलेली पुस्तके चाळताना समासात वाचकांनी पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या हमखास दिसतात. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये हा नियम सर्वांना ठाऊक असतो, आणि एरवी तो पाळणारी माणसेच या दुरुस्त्या करतात. पहिल्या काही पानांवर त्या दाट असतात, पुढे विरळ होतात आणि मग थांबतात. त्यानंतरच्या पानांवरही चुका तेवढ्याच असतात, पण तोवर वाचक थकलेला असतो. काही जण पुस्तक परत करताना ग्रंथपालांना विचारतात, ‘हे छापण्यापूर्वी कोणी वाचले नव्हते का?’ या प्रश्नात चीड असते, पण त्याहून अधिक दुखावलेपण असते, कारण आपण मन लावून वाचतो ते पुस्तक काढणाऱ्यांनीच मन लावून वाचलेले नाही, हे त्यांना जाणवलेले असते.

अशा तक्रारींना ‘अर्थ कळला ना, मग झाले’ असे उत्तर मिळते. ते मला मान्य नाही. चरित्रात एकच घटना एका पानावर 1857 साली आणि दुसऱ्या पानावर 1875 साली घडली असेल, तर त्या पुस्तकातील उरलेल्या सनावळीवर विश्वास कसा ठेवायचा? वृत्तबद्ध कवितेत एक लघु अक्षर गुरू झाले की चाल मोडते आणि दोष कवीच्या माथी येतो. जुन्या ओवीतील ‘देवें’ या शब्दावरचा अनुस्वार तृतीया विभक्तीचा असतो. तो निरर्थक ठिपका समजून गाळला, तर कर्ता कोण हेच वाचकाला नीट उमगत नाही. ‘आचाऱ्यांना’ लिहायचे तिथे ‘आचार्यांना’ छापले गेले, तर स्वयंपाकी जाऊन गुरुजन येतात, आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे संगणकावरची तपासणी ते निमूटपणे पुढे जाऊ देते. तिथे मजकूर समजून वाचणारा आणि छपाईपूर्वी चुका दुरुस्त करणारा माणूस, म्हणजे मुद्रितशोधकच लागतो.

तो माणूस पूर्वी असे. छपाईसाठी अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळात गॅलीची प्रुफे, म्हणजे पाने पाडण्यापूर्वीचे तपासणीचे कच्चे छाप, निघत, ती मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहिली जात, दुरुस्तीनंतर पुन्हा प्रूफ निघे आणि तरीही चुका राहिल्याच, तर शेवटी शुद्धिपत्र जोडले जाई. मौज प्रकाशनगृहात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकाच्या शब्दाशब्दाचा विचार करणारे संपादन केले आणि त्याचा दबदबा लेखकांतही होता. आज लेखकच मजकूर संगणकावर टंकून देतो आणि तोच थेट पानांत ओतला जातो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जातो, जोडाक्षरे फुटतात, आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यासाठी टाकलेली रेघ नव्या मांडणीत ओळीच्या मधोमध येऊन बसते. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांची अवस्था याहून वाईट आहे. अशा एकाच पुस्तकाच्या अनेक प्रकाशकांनी काढलेल्या स्वस्त आवृत्त्या बाजारात असतात, आणि त्यांतल्या कित्येकांत 1962 च्या नियमांपूर्वीचे सानुस्वार लेखन (उच्चार न होणारे अनुस्वारही देणारे) आणि आजचे लेखन एकाच पानावर मिसळलेले असते. कोणते लेखन स्वीकारले आहे हे सांगणारी दोन वाक्यांची टीपही नसते.

शुद्धलेखनाचे नियम सैल करावेत असे मानणारे अनेक जाणकार आहेत. साहित्य महामंडळाचे 1962 आणि 1972 चे नियम कोणाला जाचक वाटत असतील, तर त्यावर चर्चा जरूर व्हावी. वऱ्हाडी किंवा मालवणी संवादांना प्रमाणभाषेच्या साच्यात कोंबणे ही तर मी गंभीर चूकच मानतो. परंतु एकच शब्द एकाच पुस्तकात तीन प्रकारे छापला जातो, तेव्हा त्यामागे कोणतीही भूमिका नसते, केवळ निष्काळजीपणा असतो. बोलीचे रूप कोणते आणि चूक कोणती हे ओळखायलाही जाणता मुद्रितशोधकच हवा.

हे काम करणाऱ्यांना फारच कमी मोबदला मिळतो आणि बहुधा घाईच्या मुदतीत काम संपवावे लागते, हे मी जाणतो. म्हणून माझी मागणी त्यांच्याविरुद्ध नाही, त्यांच्यासाठी आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला मुद्रक, मुखपृष्ठकार आणि अक्षरजुळणी करणारे यांची नावे छापली जातात, त्याच पानावर संपादक आणि मुद्रितशोधक यांचीही नावे छापावीत. काही प्रकाशक हे करतात, सर्वांनी करावे. नाव छापायचे म्हटले की कामाला पुरेसा वेळ आणि पैसा द्यावा लागेल, आणि जिथे मुद्रितशोधन झालेलेच नाही तिथे ती रिकामी जागा गिऱ्हाइकाला दिसेल. त्याच पानावर चुका कळवण्यासाठी ईमेल पत्ता द्यावा. आता थोड्या-थोड्या प्रती छापता येतात आणि मजकूर संगणकात तयारच असतो, तेव्हा पुढच्या छपाईआधी दुरुस्ती करणे अवघड नाही. पहिल्या आवृत्तीतल्या सगळ्या चुका जशाच्या तशा घेऊन येणाऱ्या पुस्तकावर ‘दुसरी आवृत्ती’ असे न छापता ‘पुनर्मुद्रण’ असे छापावे.

पुढच्या ग्रंथखरेदीपासून नवे पुस्तक निवडताना हे पान आणि आतली काही पाने वाचून पाहावीत, असा प्रस्ताव मी आमच्या समितीपुढे ठेवत आहे. अनुदानावर चालणाऱ्या इतर वाचनालयांनीही असा विचार करावा, यासाठी आपल्या दैनिकातून हे पत्र प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा