चुंबकी बीड्सचा उरलेला द्रव हायपोक्लोराइटमध्ये ओतू नका

संपादक महोदय,

करोनाच्या साथीत चुंबकी बीड्सने, म्हणजे चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या अतिसूक्ष्म मण्यांनी, नमुन्यातून आरएनए-डीएनए वेगळे काढण्याची पद्धत जिल्ह्याच्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचली आणि तिथे रुळलीही. पद्धत उत्तम आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. चिंता आहे ती तपासणी आटोपल्यावर प्लेटमध्ये, म्हणजे नमुन्यांसाठी छोटे खळगे असलेल्या ताटलीत, उरणाऱ्या द्रवाची. प्रयोगशाळेतले काहीही हायपोक्लोराइटच्या, म्हणजे जंतुनाशक ब्लीचच्या, बादलीत बुडवायचे, ही सवय हाताला लागलेली असते. या एका द्रवाच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते.

बीडच्या पोटात मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडचे, साधारण 10 नॅनोमीटरचे कण असतात. इतक्या बारीक कणांत चुंबकत्व साठून राहत नाही. चुंबक जवळ आणला की ते ओढले जातात, दूर नेला की पुन्हा सुटे होतात, गठ्ठा होत नाही. वर सिलिकाचा थर असतो. पण सिलिका आणि आरएनए दोन्ही ऋणभारित, त्यामुळे नुसत्या पाण्यात ते एकमेकांना धरत नाहीत. त्यांना जुळवते ते लायसिस बफरमधले (विषाणू फोडणाऱ्या द्रावणातले) ग्वानिडिन थायोसायनेट, 4 ते 6 मोलर इतके दाट. हेच मीठ विषाणूचे कवच फोडते आणि आरएनए खाणारी एन्झाइम्स निकामी करते. 1990 मध्ये बूम आणि सहकाऱ्यांनी हे मीठ आणि सिलिका यांची सांगड घातली. आजची बरीच किट्स त्याच तत्त्वावर चालतात.

हे मीठ आत राहिले तर निकाल बिघडतो. म्हणून 70-80 टक्के इथेनॉलने दोनदा-तीनदा धुतात. घाईत वॉश (धुण्याचा द्रव) नीट शोषून घेतला नाही, तर मिठाचा अंश इल्यूशनमध्ये, म्हणजे शेवटी बीड्सवरून सोडवलेल्या आरएनएच्या द्रवात, उतरतो, पीसीआर (आरएनए शोधणारी चाचणी) अडतो आणि पॉझिटिव्ह नमुना निगेटिव्ह दिसतो. इथेनॉल राहिले तरी तेच. मात्र बीड्स फार सुकवल्या, त्यांच्या गोळीला भेगा पडेपर्यंत ठेवल्या, की आरएनए पुरता सुटत नाही. गोळीची चकाकी गेली की लगेच इल्यूशन बफर घालावा. बीड्सची बाटली वापरण्याआधी चांगली हलवावी. बीड्स तळाशी बसतात आणि शेवटच्या नमुन्यांना कमी-जास्त मिळतात. बीड्स फ्रीझरमध्ये तर ठेवूच नयेत. आणि रक्त हिरव्या टोपणाच्या हेपॅरिन ट्यूबमध्ये घेतले असेल तर तो नमुना परत मागवावा. हेपॅरिन आरएनएसोबत येते आणि पीसीआर रोखते.

आता मूळ मुद्दा. मशीनमध्ये बीड्स एका विहिरीतून (प्लेटमधल्या खळग्यातून) दुसरीत जातात. लायसिसचा द्रव जिथल्या तिथे राहतो. नमुना 200 मायक्रोलिटर, त्यात बफर 500 च्या आसपास. 96 विहिरींच्या एका प्लेटमध्ये जवळपास 70 मिलिलिटर द्रव झाला. तो हायपोक्लोराइटमध्ये पडला की थायोसायनेटशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सायनाइड आणि सायनोजन क्लोराइड यांसारखे विषारी वायू निघू शकतात. एसीसाठी दारे-खिडक्या बंद ठेवलेल्या खोलीत हे घडले तर पळायलाही अवधी मिळत नाही. हा द्रव ऑटोक्लेव्हमध्येही (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातही) घालू नये, तापल्यावरही विषारी वायू निघू शकतात.

2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रयोगशाळेतला कचरा जागेवरच निर्जंतुक करावा लागतो. म्हणूनच तंत्रज्ञांचा हात हायपोक्लोराइटकडे जातो, त्यात त्यांचा दोष नाही. पण त्याच नियमांत द्रवरूप रासायनिक कचरा वेगळा गोळा करण्याचीही तरतूद आहे. लायसिसचा द्रव आणि पहिला वॉश घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये, 'ग्वानिडिन – हायपोक्लोराइट घालू नये' अशी चिठ्ठी लावून जमवावा आणि अधिकृत यंत्रणेकडे द्यावा. या द्रवासाठी वापरलेल्या पिपेटच्या टिप्स (टोके) आणि रिकाम्या प्लेट्सही हायपोक्लोराइटच्या बादलीपासून दूर ठेवाव्यात. बफर टेबलावर सांडलाच तर आधी टिपून घ्यावा, साबणाच्या पाण्याने पुसावा, आणि मगच हायपोक्लोराइट वापरावे. हा क्रम उलटा होता कामा नये.

किटच्या खोक्यांवर ही सूचना असते, पण बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत. बादली उचलतात त्या सफाईच्या मावशी आणि मामा. त्यांनी ती वाचायची कशी? आरोग्य विभागाने आरएनए वेगळे काढण्याच्या प्रत्येक (एक्स्ट्रॅक्शन) खोलीत, बादलीच्या वरच्या भिंतीवर, मराठीत ठळक फलक लावण्याचा आदेश काढावा. किट खरेदीच्या निविदेतही बाटल्यांवर मराठी चिठ्ठीची अट घालावी.

– रेणवीय निदान प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, पुणे