आधी मान, मग पाय

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांचा आवाज ऐकला की मला मुद्द्याचे बोलता येत नाही आणि आईचा कुकर नेमका तेव्हाच शिट्ट्या देऊ लागतो, म्हणून लिहून कळवते. बाबांना पुण्याला न आणता सांगलीतच ठेवून पुढचे उपचार करायचे, असे दादाने आणि मी ठरवले आहे. विश्रामबागेतल्या फिजिओथेरपिस्ट बाई सोमवारपासून रोज सकाळी घरी येतील. पहिल्या महिन्याचे पैसे दिले आहेत, तेव्हा ‘एवढा खर्च कशाला’ हा विषय संपला असे समजावे.

तुम्हाला जवळ ठेवायचे नाही म्हणून हे केले, असे कृपा करून मनात आणू नका. माझ्या घरी दिवसभर कोणी नसते, इमारतीची लिफ्ट चालेलच याचा भरवसा नाही आणि पक्षाघातानंतर सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. ते महिने बाबांनी परक्या खोलीची आणि परक्या न्हाणीघराची सवय करण्यात घालवावेत, हे मला पटेना. तिथे त्यांची खुर्ची आहे, मिरजेचे डॉक्टर जवळ आहेत, संध्याकाळी दाराशी चार ओळखीची माणसे येतात. काकूंना काय म्हणायचे ते म्हणू देत. नानांच्या वेळी काय राहून गेले, ते त्यांनाही ठाऊक आहे.

बाबा, ‘पाय उचलत नाही आणि तुम्ही मानेचे काय घेऊन बसलात’ असे बाई तपासून गेल्या तेव्हा तुम्ही त्यांना विचारलेत म्हणे. प्रश्न रास्त आहे. पण डोके सावरल्याशिवाय धड सावरत नाही आणि धड सावरल्याशिवाय पाय टाकता येत नाही. डोळे, आतला कान आणि मानेचे स्नायू मिळून शरीर कुठे कलले आहे ते मेंदूला कळवत असतात. तुमचा झटका मेंदूच्या उजव्या बाजूचा, त्यामुळे डावा हात-पाय तर दुबळा झालाच, शिवाय मान उजवीकडे वळून राहते आणि डावीकडचे जग मेंदूच्या लक्षातच येत नाही. आई, त्यांच्या ताटात भाजी-आमटी संपते आणि शेंगदाण्याची चटणी नि कोशिंबीर तशीच राहते, ती तुझ्या हाताची चव गेल्यामुळे नव्हे. ती डावीकडे वाढलेली असते, एवढेच. ताट फिरवू नकोस. ‘डावीकडे बघा’ म्हणून आठवण कर आणि त्यांना स्वतः मान वळवू दे.

याच कारणासाठी त्यांचा पलंग असा लावायला सांगितला आहे की दार, टीव्ही आणि भेटायला येणारी माणसे डाव्या हाताला येतील. पाणी आणि घंटी मात्र उजवीकडेच, हाताशी असावी.

व्यायाम बाई दाखवतीलच. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसायचे; आधी नजर डावीकडे न्यायची आणि तिच्यामागून मान, सावकाश, दुखणार नाही तिथपर्यंत. मग हनुवटी हलकेच आत घ्यायची आणि पाच आकडे मोठ्याने मोजायचे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब चढतो. मान गोल फिरवायची नाही. गरगरले, दोन-दोन दिसू लागले किंवा बोलणे अडखळले, तर तिथेच थांबून डॉक्टरांना फोन करायचा. उताणे झोपून खांदे न उचलता नुसते डोके वर करायचा एक व्यायाम गिळणे सुधारण्यासाठी देतात, पण बाबांच्या मानेच्या मणक्यांची जुनी झीज पाहता बाईंनी तो टाळला आहे. त्याऐवजी बसून हनुवटीखाली मऊ चेंडू दाबायचा.

आई, शाळेच्या घाईत माझ्या वेण्या घालताना तू हनुवटी धरून माझे डोके सरळ करायचीस आणि मी हलले की कंगवा टोचायचा. तो हात अजून जाणवतो मला. बाबांचे डोके मात्र तसे धरून वळवू नकोस. तू मायेनेच करतेस, पण त्यांच्या स्नायूंनी काम केले तरच मेंदू नव्याने शिकतो. तू डावीकडे उभी राहून हाक मार, तेवढे पुरे.

आता तीन गोष्टी, ज्यांवर वाद नको. बाबा, तांब्या उंच धरून वरून पाणी पिणे बंद. मान मागे गेली की पाणी श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. हनुवटी किंचित खाली ठेवून वाटीने घोट-घोट प्यावे आणि जेवणानंतर अर्धा तास बसून राहावे. भडंगही तूर्त नको, कोरडे कण घशात अडकतात. बाई परवानगी देतील त्या दिवशी मी स्वतः पुडा घेऊन येईन. आणि रविवारची दाढी झाल्यावर मान मोडून घ्यायची नाही. अचानक हिसक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे अस्तर फाटून गुठळी होऊ शकते, तीही दुसऱ्या झटक्याला कारण ठरते. दाढीला येणाऱ्या न्हाव्यांना मी फोन करून सांगितले आहे. ते बिचारे ओशाळले, तेव्हा त्यांना काही बोलू नका; दाढीला येऊ देत, तुमच्या गप्पा चुकायला नकोत.

डाव्या हाताखाली उशी ठेवत जा आणि उठवताना तो हात कोणी ओढू नये, हे कामाला येणाऱ्या मावशींनाही सांग. रक्तदाबाची वही दादा शनिवारी पाहील.

रात्री व्हिडिओ कॉल लावशील तेव्हा फोन बाबांच्या डावीकडे धर. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहीपर्यंत मी बोलणार नाही, मग त्यांनी कितीही शिव्या घातल्या तरी.

तुमची,
ताई