‘टँक’ म्हणजे टाकी नव्हे: काका, तुमचे आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला तो विमानाच्या मॉडेलचा फोटो मी ‘मिग-15’ हे सोव्हिएत लढाऊ जेट म्हणून फ्रेमही करून टाकला होता. चारचौघांत मिरवलासुद्धा. तुम्ही एवढंच विचारलंत, “शेपटी नीट बघितलीस का?”

नव्हती बघितली. मिगचं आडवं शेपूट उभ्या पात्याच्या टोकाखाली असतं, इथे ते थेट टोकावर बसलंय. मिगचे पंख अंगाच्या मध्यावरून निघतात, इथे खांद्यातून. नाक उघडं आणि पंख मागे वळलेले म्हटल्यावर मी मोकळा झालो होतो.

मग माझी गाडी जर्मन विमान-रचनाकार कुर्ट टँक यांच्या टा-183 वर गेली. शेपूट तसंच, शिवाय ते जर्मन विमान प्रत्यक्षात कधी बांधलंच गेलं नाही, म्हणजे मॉडेलच असणार! तेव्हा तुम्ही लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून दोन विमानं कापलीत, काडेपेटीवर टेकवलीत आणि मोबाइल वरखाली करत फोटोतला कोन गाठलात. टा-183 ची लांबी पंखांच्या पसाऱ्यापेक्षा कमी: साधारण सव्वानऊ मीटरला दहा. दुसऱ्याचं उलट, साडेअकराच्या वर लांबी आणि पसारा 10.6. तिरक्या फोटोत पट्टी लावून हे कळत नाही, पुठ्ठ्याने मात्र लगेच कळलं. जुळलं ते हे दुसरं: अर्जेंटिनाचं जेट पुलकी-2. टँक यांनी तिथे कोर्दोबात केलेलं, 1950 मध्ये इंजिनावर उडालेलं. त्यात रोल्स-रॉइसचं नीन इंजिन बसवायचं होतं. त्याचा सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसर (आत घेतलेली हवा दाबणारा फिरता भाग) घेराने मोठा, म्हणून ते पोट असं सुटलेलं. फोटोतल्या मॉडेललाही ते आहे. मला ती सुताराची चूक वाटली होती!

हे सगळं झाल्यावर तुम्ही म्हणालात, “आता फोटो उलटा कर.” मागे आजोबांच्या शिसपेन्सिलीत एकच शब्द: ‘टँक’. घरात सगळ्यांनी त्याचा अर्थ इंधनाची टाकी असा लावला होता. आजोबा बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये सुतारकाम करायचे, आणि टँक 1956 मध्ये तिथेच मारुत हे भारतीय लढाऊ जेट करायला आले, हे दोन धागे आम्ही कधी जोडलेच नव्हते. मारुतचं आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर केलं होतं, ते 1959 मध्ये उडालं. आजोबांचा रंधा त्यावर फिरला असेल का, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, “फोटो तेवढं सांगत नाही.” त्या दिवशी जरा राग आला होता. आता तुमच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो तो त्यामुळेच.

पुढच्या महिन्यात आईला वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमधलं मारुत दाखवायला नेतोय. तुम्हीही चला. फ्रेम दुरुस्त केलीय, पेन्सिलीचा शब्द दिसावा म्हणून मागेही काच लावलीय. ती पुठ्ठ्याची दोन विमानं मात्र परत मिळणार नाहीत.

तुमचा,
मिगवाला