सोयाबीनचं पीठ आणि आईची सकाळची गोळी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, सोयाबीनने पुरुषांचे हार्मोन बिघडतात असा ग्रुपवरचा मेसेज वाचून तुम्ही घरातलं सोयाबीन बंद केलंत, हे कळल्यापासून मला चैन नाही. इतकी वर्षं शेतात सोयाबीन पेरताय आणि आता ताटात आलं की घाबरताय! त्यात आयसोफ्लेव्होन नावाची, इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखी द्रव्यं असतात, हे खरं. ती शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या जागी जाऊन बसतात, पण त्यांचा जोर फार कमी. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर या गवतासारख्या वनस्पतीचा चारा खाणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या होत्या, हेही खरं. पण त्या चाऱ्यातल्या अशाच द्रव्याचं मेंढीच्या पोटात इक्वॉल हे इस्ट्रोजेनसारखं काम करणारं द्रव्य बनायचं, आणि मेंढ्या दिवसभर तेवढंच चरायच्या. आपण पाच किलो कणकेत अर्धा किलो सोयाबीन दळून आणतो. त्याने काय होणार? पुरुषांवरच्या ४१ अभ्यासांचा एकत्र आढावा २०२१ मध्ये आला, त्यातही टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हार्मोन घटल्याचं दिसलं नाही. तेव्हा पीठ पुन्हा सुरू करा.

मला खरी काळजी आईची आहे. आई, तू थायरॉइडची गोळी घेतेस आणि लगेच चहा-पोळी खातेस. सोयाबीनमुळे ती गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही, चहा-कॉफीनेही तेच होतं. मग रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, वाढतं आणि डॉक्टर डोस वाढवतात. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर गोळी घे, निदान अर्धा-पाऊण तास काही खाऊ नकोस आणि सोयाबीनची पोळी दुपारच्या जेवणात ठेव. कॅल्शियमची गोळी मात्र चार तासांनी. आणि पीठ सुरू केल्याचं डॉक्टरांच्या कानावर घाल, म्हणजे पुढची रक्ततपासणी कधी करायची ते सांगतील.

आजीच्या स्तनाच्या कर्करोगामुळे तू जवसाची चटणीही सोडलीस, असं बाबा म्हणाले. जवसात लिग्नान नावाची द्रव्यं असतात, तीही आयसोफ्लेव्होनसारखी, इस्ट्रोजेनच्या जातीची. पण रोजच्या जेवणातल्या जवसाने किंवा सोयाबीनने कर्करोग होतो, असं आढळलेलं नाही. खा गं, तुला ती किती आवडते!

अंगातून वाफा येतात म्हणून शेजारच्या काकूंनी दिलेल्या त्या कॅप्सूल मात्र तूर्त बाजूला ठेव. त्यात अशाच द्रव्यांचा अर्क असतो, जेवणापेक्षा कितीतरी जास्त, आणि वाफा त्याने थोड्याच कमी होतात. बाबा, बाटलीच्या मागच्या लेबलचा फोटो आजच पाठवा. आईच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलते.

तुमची,
ताई