महिनाअखेरीची तंगी आणि मोबाईलमधला सावकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिन्याची वीस तारीख उलटली की रिकाम्या खिशावरचे विनोद मोबाईलवर फिरू लागतात. टूथपेस्टची नळी लाटण्याने लाटून आणखी चार दिवस काढणे, शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून ती खळखळवणे, गाडीची टाकी कलती करून कोपऱ्यातले पेट्रोल खाली आणणे, जुन्या पँटच्या खिशात नोट सापडली की दिवाळी साजरी करणे, असे ते विनोद असतात. ते वाचून मी मनापासून हसते, कारण त्यांतले बरेचसे आमच्या घरात घडलेले आहे. परंतु गेल्या काही महिन्यांत माझ्या भाच्यावर जो प्रसंग ओढवला, त्यानंतर या विषयावर आपल्या वाचकांसाठी गांभीर्याने लिहिलेच पाहिजे, असे मला वाटू लागले.

मी काळाचौकीच्या चाळीत वाढले. वडील कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी सातवीत होते. मुंबईतल्या साठहून अधिक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले होते आणि महिना-दोन महिन्यांत काहीतरी तोडगा निघेल, असेच घरोघरी धरून चालले होते. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कुणी कधी जाहीर केलेच नाही. पगार मात्र पहिल्याच महिन्यापासून बंद झाला आणि मग घराघरांतल्या बायकांनी जे काही केले, त्याची नोंद संपाच्या इतिहासात फारशी सापडत नाही.

घासलेट परवडेनासे झाले तेव्हा आईने भुशाची शेगडी काढली. पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडायचे, मधोमध बाटली उभी धरून भोवती वखारीतला लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद फिरवत वर काढायची आणि खालून पेटवायचे. बाटली काढताना भुसा ढासळला की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे, म्हणून ते काम चालू असताना आम्हा भावंडांना खोलीत धावायला बंदी असे. भाजी नसलेल्या दिवशीही ती चमचाभर तेल तापवून मोहरीची फोडणी करी आणि तीच भातावर घाली. चर्र आवाज शेजारी ऐकू गेला पाहिजे, हा त्यातला हेतू होता. पुढे लक्षात आले की संध्याकाळी सात-साडेसातला आमच्या मजल्यावरच्या बहुतेक खोल्यांतून तशीच चर्र ऐकू येत असे.

तांब्याचा हंडा लालबागच्या भांडीवाल्याकडे गहाण पडला. त्याच सुमारास गावाहून मामा येणार असल्याचे पत्र आले. तो हंडा आजोळहून आईच्या लग्नात आलेला असल्यामुळे मामाची नजर आधी तिकडेच जाणार, हे उघड होते. आई तडक भांडीवाल्याकडे गेली आणि गहाण टाकलेला स्वतःचाच हंडा दोन दिवसांसाठी उसना मागू लागली. त्या गृहस्थाने वहीत काहीही न लिहिता तो काढून दिला, आणि वर चिंचेने घासून न्या, काळा पडलाय, असेही सांगितले. मामा दोन दिवस राहून, त्या हंड्यातले पाणी पिऊन गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि धाकटा भाऊ काठीला मधोमध हंडा अडकवून तो परत गहाण ठेवायला निघालो, तेव्हा जिन्यातल्या प्रत्येकाला तो कुठे चालला आहे हे ठाऊक होते, आणि आमच्या हंड्यामागून त्यांच्याकडचे घंगाळही लवकरच निघणार आहे, हेही ठाऊक होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी खानावळ चालवत. कोकणातल्या एकाच गावचे दहा-बारा जण गावकीच्या खोलीत राहत आणि त्यांच्याकडे जेवत. संपात आमटी पातळ झाली, माशाचा तुकडा रविवारपुरता उरला, पण जे गावी न जाता मुंबईत राहिले, त्यांतल्या एकाचेही ताट मावशींनी बंद केले नाही. अशाच खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्याआधी, १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली होती, आणि त्यातूनच लिज्जत पापड घडला. मुंबईत उसनवारीने माणसे उभी राहिलेली आहेत, हे मी पाहिलेले आहे आणि म्हणून उसनवारीला मी वाईट म्हणणार नाही.

तो काळ सुखाचा होता, असे मात्र कुणी समजू नये. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी घेऊन उभे राहणारे पठाणी व्याजवालेही याच मुंबईत होते. शेजारच्या एका काकूंचे मंगळसूत्र सावकाराकडे गेले ते परत आले नाही, आणि त्यांनी उरलेले आयुष्य काळ्या पोतीवर काढले. तरीही दारात उभा असलेला सावकार सगळ्यांना दिसत असे. कुणावर तगादा लागला आहे हे चाळीला कळे आणि मग कुणीतरी मध्ये पडे.

माझ्या भाच्यावर तगादा लागला, तो कुणालाच दिसला नाही. तो चिपळूणहून नोकरीसाठी आला असून डोंबिवलीत चौघांत खोली घेऊन राहतो. गेल्या वर्षी पगार लांबला तेव्हा त्याने मोबाईलवरच्या एका ॲपवरून ६,००० रुपयांचे कर्ज मागितले. निरनिराळे आकार कापून हातात ३,९०० आले आणि सातव्या दिवशी पूर्ण ६,००० परत मागण्यात आले. ते फेडण्यासाठी दुसरे ॲप, दुसऱ्यासाठी तिसरे, असे करत अडीच महिन्यांत आकडा ४०,००० च्या घरात गेला. या काळात तो दुपारी वडापाव आणि रात्री पाणी यांवर राहत होता आणि दर रविवारी माझ्याकडे आला की पोट भरलेले आहे, असे सांगत होता. एका सकाळी माझ्याच मोबाईलवर त्याचा फोटो आला, खाली ‘चोर’ असे लिहिलेले. तोच फोटो त्याच्या साहेबांना, शाळेतल्या मित्रांना आणि चिपळूणला माझ्या बहिणीलाही गेला होता. ॲप घेताना त्याने ‘परवानगी द्या’ यावर बोट ठेवले होते, आणि त्या एका बोटाने त्याच्या ओळखीतली सगळी माणसे तारण म्हणून ॲपवाल्यांच्या हवाली झाली होती.

वास्तविक, रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जांसाठी नियम लागू केले आणि २०२५ मध्ये ते नव्या निर्देशांत सामावून घेतले. त्यांनुसार कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा झाली पाहिजे, सर्व खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो हे आधी लेखी कळवले पाहिजे, आणि मोबाईलमधील संपर्कांची यादी, फोटो व कॉलची नोंद यांना ॲपने हात लावता कामा नये. कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून, दंडाशिवाय बाहेर पडण्याची सोयही त्यात आहे. बँका आणि वित्तसंस्थांच्या अधिकृत ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते, बेकायदा कर्ज देणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्याच ‘सचेत’ या पोर्टलवर तक्रार करता येते, आणि पैशांची ऑनलाईन फसवणूक झाल्यास फोन करण्यासाठी १९३० हा क्रमांक आहे. माझ्या पदवीधर भाच्याला यातले एक अक्षरही माहीत नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

त्याहून मला जे लागले, ते वेगळे आहे. मी त्याला विचारले की रविवारी माझ्यासमोर जेवायला बसत होतास, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, “मावशी, लाज वाटली.” आमच्या आईला गहाण हंडा उसना मागताना लाज वाटली नसेल, असे नाही, परंतु तिला ती ज्याच्यापुढे वाटली, तो माणूस तिच्या ओळखीचा होता आणि आईची लाज वहीत मांडून ठेवण्याइतका तो हलका नव्हता. तरुण मुलांना आज मावशीपेक्षा ॲप जवळचे वाटते, कारण ते प्रश्न विचारत नाही. म्हणून घरातल्या मोठ्यांनीच महिन्याच्या शेवटी जरा आडून चौकशी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. दर महिन्याच्या २५ तारखेनंतर एखाद्या दिवशी वरील नियम, ‘सचेत’चा पत्ता आणि १९३० हा क्रमांक ठळक चौकटीत, सोप्या मराठीत छापावा. भाच्याची तक्रार नोंदवलेली आहे. ज्या रकमा खरोखर त्याच्या खात्यात आल्या होत्या, तेवढ्या मी माझ्या भिशीतून भरल्या असून तो मला दर महिन्याला हजार रुपये आणून देतो. ते मी वहीत लिहीत नाही.

आपली नम्र,
गिरणी कामगाराची मुलगी,
काळाचौकी, मुंबई