त्या रात्री चार्जरवर भेटलेल्या दादांना

दादा, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितोय, बघू तुमच्यापर्यंत पोचतंय का.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते, इलेक्ट्रिक गाड्यांच्या त्या चार्जरच्या एका गनला, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लगला, तुमची गाडी लागलेली आणि दुसरी गन माझ्या हातात. बॅटरी ८ टक्के, आई मागच्या सीटवर झोपलेली, पुढचा चार्जर ५५ किलोमीटर लांब, म्हणजे तिथवर जायचा प्रश्नच नाही. चार वेळा गन लावली, ॲपवरून स्टार्ट दिला आणि चारही वेळा अर्ध्या मिनिटात एरर. खरं सांगतो, हातपाय गार पडले होते.

तुम्ही गाडीतून उतरून आलात, काही विचारलं नाही, फक्त गनखाली हात धरून ती जरा वर उचललीत आणि म्हणालात आता स्टार्ट करा. टक् करून लॉक झालं आणि स्क्रीनवर आकडे पळायला लागले! मग सांगितलंत की करंट सुरू व्हायच्या आधी गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात, ते बारीक पिनांमधून होतं, आणि जाड केबलच्या वजनाने गन खाली लोंबली की त्या पिना नीट टेकत नाहीत. एवढंसं कारण, पण गाडी घेताना मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

त्याहून मोठी गोष्ट तुम्ही नंतर केलीत. तुमची गाडी ८० टक्क्यांवर होती, तुम्ही लगेच चार्जिंग थांबवून गन काढलीत आणि म्हणालात, हा ६० किलोवॅटचा चार्जर दोन गाड्या असल्या की पॉवर वाटून देतो, मी निघालो तर सगळी तुम्हाला मिळेल. आणि खरंच, माझा २८ किलोवॅटचा आकडा बघता बघता ५० च्या पुढे गेला. ८० नंतर बॅटरी स्वतःच करंट कमी घेते, शेवटच्या २० टक्क्यांसाठी ताटकळण्यापेक्षा पुढे जाऊन परत थोडं भरा, हेही तुमचंच. आणि मुक्काम असेल तर पोचल्या पोचल्या चार्जिंगला लावायची, बॅटरी चालून गरम असते तेव्हा पटापट घेते, सकाळी गार झाल्यावर तीच गाडी रडवते. आणि टक्के कमी उरले तर १०० वरून ८० च्या स्पीडवर या, हवेचा विरोध एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो.

त्यानंतर आम्ही दोन मोठे प्रवास केले, आई दोन्ही वेळेला बरोबर होती, आणि आता वाटेत तिची झोप माझ्या टेन्शनमुळे मोडत नाही.

गन एकदा लॉक झाली की सोडली तरी चालते असं तुम्ही सांगितलं होतंत, पण माझा धीर झाला नाही, तुमची गाडी वळून हायवेला लागली तेव्हाही मी दोन्ही हातांनी ती धरूनच उभा होतो, त्यामुळे तुम्हाला साधा हातसुद्धा करता आला नाही. तो आज करतोय. मनापासून थँक्यू दादा.