हिशेबाला माणूस घेताना

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

मसाल्यांचं काम वाढलंय, आता हिशेबाला माणूस बघते, असं म्हणालीस. नुसतं "टॅली येतं का?" असं, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं का एवढंच, विचारून कुणाला ठेवू नकोस. नोंदी टाकायला कुणीही थोड्या दिवसांत शिकतं. तुला ताळमेळ घालणारा माणूस हवाय, आणि तो बोलण्यावरून ओळखू येत नाही. काम देऊन बघावं लागतं.

एका जुन्या महिन्याचे कागद काढ: बँकेचं स्टेटमेंट, तीसेक बिलं, ऑनलाइन विक्रीचा सेटलमेंट रिपोर्ट (प्लॅटफॉर्मने काय कापून किती दिले, तो हिशेब). अर्धा दिवस बसव, त्याचे पैसे दे. फुकटात करून घेऊ नकोस, चांगली माणसं तिथेच कटतात. कागदांत तू दिलेला पण अजून न वटलेला एक चेक असू दे, बँकेने कापलेले चार्जेस, घरचं वीजबिल आणि पाउच सील करायच्या मशीनचं बिलही असू दे. घरचं बिल धंद्याच्या खर्चात न टाकता तुझ्या उचलीत (धंद्यातून स्वतःसाठी काढलेल्या पैशांत) गेलं पाहिजे. मशीन मालमत्तेत जाईल आणि त्यावर घसारा (दरवर्षीची झीज) निघेल. चेकमुळे पुस्तकातली आणि बँकेतली शिल्लक जुळणार नाही. फरक कशाचा, ते कागदावर लिहून देणारा कामाचा. फरक 'सस्पेन्स'ला, म्हणजे न उलगडलेल्या रकमांच्या खात्याला, टाकून मोकळा होणारा नको. रोकड खातंही बघ. गल्ल्यात वजा पैसे असूच शकत नाहीत, तरी एखाद्या तारखेला शिल्लक वजा दिसली तर नोंद राहिलीय किंवा तारीख चुकलीय.

खरी परीक्षा ऑनलाइन विक्रीची. ग्राहकाने १,०५० रुपये दिले: माल १,००० आणि ५ टक्क्यांनी जीएसटी ५०. कमिशन, कुरिअर कापून तुझ्या बँकेत समज ८५० आले. कच्चा माणूस ८५० ची विक्री लावतो. मग प्लॅटफॉर्मने सरकारला दाखवलेली विक्री आणि तुझी विक्री जुळत नाही, आणि नोटीस तुला येते. विक्री १,००० च लागली पाहिजे, कर ५०, आणि कमिशन-कुरिअर वेगळ्या खर्चात, कारण त्यांच्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट तुला मिळतं, म्हणजे तो तुझ्या भरायच्या करातून वजा होतो. शिवाय प्लॅटफॉर्म अर्धा टक्का टीसीएस (विक्रीवर आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापतो, म्हणजे इथे ५ रुपये. ते जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारले नाहीत तर तिथल्या तुझ्या कॅश लेजरला (रोख खात्याला) येत नाहीत. रक्कम एवढीशी दिसते, म्हणून वर्षभर कुणी बघत नाही.

२बी म्हणजे विकणाऱ्यांनी तुझ्या नावावर दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी. त्यावर दुसरा प्रश्न विचार: "खरेदीचं बिल २बी मध्ये दिसलं नाही तर काय करता?" पाउचचं बिल ५०,००० चं, वर १८ टक्के म्हणजे ९,००० जीएसटी. तू पैसे चुकते केलेस, पण पाउचवाल्याने आपल्या रिटर्नमध्ये बिल दाखवलंच नाही, तर ते ९,००० तुला घेता येत नाहीत. "ते सीए बघतात" हे उत्तर आलं की चहा पाजून निरोप दे. सीए वर्षअखेरीला बघतो, तोवर तो पाउचवाला फोनही उचलत नसतो. २बी १४ तारखेला तयार होतं, ३बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न, २० ला भरायचं असतं. मधल्या पाच-सहा दिवसांत राहिलेल्या बिलांची यादी काढून पार्टीला (माल देणाऱ्याला) फोन लावणारा माणूस हवा.

तू महिन्याचे रिटर्न भरतेस, म्हणून कराराच्या एका पानावर तारखा घाल. ५ तारखेपर्यंत तू सगळी बिलं द्यायचीस (हे तुझ्यावरही बंधन आहे बरं का), ७ ला टीडीएस (पैसे देताना कापलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १८ ला ३बी चा आकडा तुझ्यासमोर. पगार ठरवताना तास मोजू नकोस, महिन्याला किती व्हाउचर (नोंदी) होतात ते सांगून बोल.

जीएसटी नोंदणीत मोबाइल आणि ईमेल तुझेच हवेत. हिशेबनिसाचे घातले की ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तो सोडून गेला की बदलासाठी तुला जीएसटी कार्यालयात अर्ज घेऊन जावं लागू शकतं. नेटबँकिंगमध्ये त्याने पेमेंट तयार करावं, मंजूर तू करावंस. कोरे सही केलेले चेक कुणालाही नाहीत. टॅलीत त्याचा वेगळा युजर काढ, ॲडमिनचा पासवर्ड तुझ्याकडे ठेव, आणि एडिट लॉग असलेली आवृत्ती घे. जुनी नोंद कुणी, कधी बदलली ते त्यात दिसतं. दर शनिवारी बॅकअप तुझ्या ड्राइव्हवर.

नात्यातला नको. चुकलं तर बोलता येत नाही आणि काढताही येत नाही. सगळा वेळ देणारा आत्ता परवडणार नाही. तीन-चार पार्ट्यांचं (धंदेवाल्यांचं) काम करणारा, आठवड्यातून दोनदा येणारा पुरेल. त्याच्या एका जुन्या पार्टीला फोन करून एवढंच विचार, की गेल्या वर्षात लेट फी किती वेळा भरावी लागली.

शक्यतो १ एप्रिलपासून काम दे. पहिल्याच दिवशी त्याने टाकलेल्या खात्यांच्या सुरुवातीच्या बाक्या सीएने सही केलेल्या ताळेबंदाशी ओळ न् ओळ लावून घे, येणेकऱ्यांच्या (ज्यांच्याकडून पैसे यायचेत त्यांच्या) यादीसकट.

तुझी,
आई